समास न कापणारे काका: दहीपुलाजवळच्या एका बाइंडिंग दुकानाचा अनुभव

दुकानाला पाटी नाही, हे आधीच सांगते, म्हणजे गल्लीत हेलपाटे घालून नंतर मला बोल लावू नका. नाशिकच्या मेन रोडवरून दहीपुलाकडे उतरायचं, भांड्यांची खणखण ऐकू आली की चाल कमी करायची आणि दोन दुकानांच्या मधला अरुंद जिना शोधायचा. जिना कसला, शिडीच ती. वर चढताना खळीचा आंबूस वास आला की समजा पोचलात. काकांनी त्यांचं नाव छापू नको म्हणून बजावलंय. "वारीच्या तोंडावर कामं वाढवून ठेवशील," म्हणाले. म्हणून नाव नाही. शोधणाऱ्याला सापडतील, भांडीवाल्यांना विचारा, सगळे ओळखतात.

दुकान आधी खाली होतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरलं, तेव्हा यांच्या खालच्या दोन फळ्या गेल्या. लोकांच्या पोथ्या होत्या त्यात. त्यानंतर काका वर आले. वर आले तरी सवय गेलेली नाही. पावसाळ्यात गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याची बातमी आली की हातातलं काम सोडून सगळी पुस्तकं माळ्यावर चढवतात. पहिल्या मजल्यावरून माळ्यावर! मी हसले तर म्हणाले, "लोकांचं आहे, माझं नाही. माझं असतं तर भिजू दिलं असतं."

माझं काम होतं पप्पांच्या बायबलचं. आम्ही मूळ शरणपूरचे. नाशिककरांना शरणपूर म्हणजे शरणपूर रोड आणि तिथला सिग्नल एवढंच ठाऊक असतं, पण ती मिशनची जुनी वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकायला ठेवली होती. त्यांतलाच एक जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाचा मृतदेह आफ्रिकेतून थेट इंग्लंडपर्यंत घेऊन गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. हे आम्हाला आजीनं सांगितलेलं, पाढ्यांसारखं पाठ. बायबल आजोबांनी घेतलेलं, मग पप्पांकडे आलं. पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. शेवटची नोंद माझ्या हातची आहे, पप्पांची, २०१९ ची. त्या वेळी बॉलपेन नीट उठत नव्हतं, म्हणून 'ऑक्टोबर' दोनदा गिरवलंय.

पप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटल्यावर वर्तमानपत्र कुणाच्या मनातही येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाची पोस्टाची तिकिटं १९२६ पासून तिथे छापतात, स्टॅम्पपेपर तिथले, तुमच्या ड्रॉवरमधला पासपोर्टही तिथलाच. शेजारीच नोटांचा छापखाना, १९२८ चा. पप्पांची उभी नोकरी कागदात गेली. लग्नपत्रिका आली की आधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघायचे, मग वाचायचे. "कागद बरा आहे, लग्न टिकेल," असं काहीतरी बोलायचे आणि आई डोळे वटारायची. मी पुढे पोस्टात लागले. काउंटरवर तिकिटांचा ताव फाडताना अजून त्यांची आठवण येते, कारण भोकांच्या रेषेवर ताव नीट फाटला नाही तर घरी येऊन त्यांना सांगायचं आणि त्यांनी तो स्वतःचाच अपमान समजायचा, हा आमचा नेहमीचा खेळ होता.

तर अशा माणसाचं बायबल. कणा तुटलेला, सुरुवातीच्या उत्पत्तीची पहिली पानं सुटलेली, शेवटचं प्रकटीकरण जवळजवळ वेगळंच. आणि प्रत्येक पानाच्या समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. शाई नाही, कधीच नाही. बायबलचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, शाई मागे उतरते. ब्लेडनं टोक काढलेली पेन्सिल आणि मुंगीएवढं अक्षर.

हे बायबल दुरुस्तीला द्यायला मी सहा वर्षं घाबरत होते, त्याला कारण आहे. पप्पा गेल्यावर त्यांचं 'उपासना संगीत', म्हणजे आमच्या चर्चमधल्या गीतांचं पुस्तक, मी एका चकचकीत दुकानात दिलं होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रोजेक्ट बाइंडिंग, सगळं एका छताखाली, एसी सुद्धा. दुकानाचं नाव सांगत नाही. दोन तासांत पुस्तक हातात. कसं देखणं! तिन्ही बाजू सुरीनं कापल्यासारख्या सरळ. सुरीनंच कापल्या होत्या. पप्पा ना. वा. टिळकांच्या भजनांच्या बाजूला सा रे ग म लिहायचे, पेटीवर बसवायला. त्या ओळींचं अर्धं अक्षर पानावर, अर्धं कचऱ्यात. मी काउंटरवरच्या पोराला दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, कटिंग फ्रीमध्ये करून दिलंय." वर गरम गोंदाचं बाइंडिंग, पुस्तक पेटीवर उघडं राहीना. हातानं दाबून धरावं लागतं, मग पेटी कोण वाजवणार? अडीचशे रुपये दिले आणि रिक्षात रडले.

काकांकडे मला भांडी बाजारातल्याच एका गिऱ्हाईक बाईंनी पाठवलं. पहिल्या दिवशी काकांनी बायबल हातात घेतलं आणि सर्वांत आधी काय केलं असेल? उघडलं नाही. आडवं धरून, डोळा बारीक करून, पानांच्या कडेकडे बघितलं. मग मधलं एक पान उघडून समासावर बोट ठेवलं.

"हे कोणाचं लिहिणं?"

"पप्पांचं."

"मग कटिंग नाही करायचं. कडा वेड्यावाकड्या दिसतील. चालेल?"

मला काही बोलता येईना. मान हलवली. मी सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, एवढ्याच एका गोष्टीला माझे पाचातले तीन तारे. उरलेल्या दोनांचा हिशेब पुढे बघू.

मग मात्र बोलणी बसली. सुटलेल्या पानांना मी सेलोटेप लावली होती. ती पिवळी पडून कडक झालेली, खालची अक्षरं तांबूस.

"ही चिकटपट्टी कोणी लावली?"

"मी."

"शिकलेल्या आहात ना?"

गप्प बसले. काकांनी एक बोथट पाती दिव्यावर जराशी गरम केली, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली, आई बाळाच्या दुधाचा थेंब बघते तशी, आणि पट्टीच्या कडेखाली सरकवली. एका बोटाएवढी पट्टी सोडवायला दहा मिनिटं. "अशा किती आहेत?" मी मोजल्या होत्या. एकेचाळीस. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. पैसे त्यामुळेच वाढले, हे मान्य आहे.

काम कसं करतात ते थोडं सांगते, कारण त्यासाठीच तिथे जायचं. हल्ली बहुतेक ठिकाणी मागची घडी कापून टाकतात, सुट्या पानांच्या कडेला गोंद ओततात, झालं. काका घडी कापत नाहीत. सगळे फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सोडवतात, फाटलेल्या घडीला आतून पातळ कागदाची पट्टी लावतात आणि प्रत्येक फर्मा घडीच्या मधोमध दोऱ्यानं शिवत पुढच्या फर्म्याला जोडत जातात. जुजबंदी. दोरा आधी मेणावरून ओढून घेतात. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. मग कण्यावर कापड, त्यावर पुठ्ठा, आणि सगळं शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबायच्या यंत्रात, रात्रभर. शिकंजा त्यांच्या वडिलांच्या वेळचा आहे, लोखंडी, त्याच्या चाकाला हळदीकुंकू लावलेलं. बायबल शिकंज्यात ठेवायच्या आधी त्यांनी ते कपाळाला लावलं. मला बघून नव्हे. मी जिन्यात उभी होते, त्यांना दिसतही नव्हते.

फर्मे सोडवताना त्यांनी विचारलं, हे मराठीत आणलं कोणी? मला आवडतो हा प्रश्न. सांगितलं, पहिल्यांदा विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ साली श्रीरामपूरला छापलं. "नगरच्या?" नाही हो, बंगालमधल्या. काका जरा हिरमुसले. मग पंडिता रमाबाईंचं सांगितलं, की त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल एकटीनं मराठीत आणलं आणि ते काम संपता संपता १९२२ मध्ये गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. "बायकांनी?" त्यांचा हात थांबला. "खिळे जुळवणं म्हणजे डोळे जातात माणसाचे." मग बराच वेळ बोलले नाहीत.

आता तक्रार. तीन आठवडे म्हणाले आणि साडेपाच आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. उचलला तर "होतंय" एवढंच. मी चार वेळा स्वतः जाऊन आले, त्यांतल्या दोन वेळा दुकान बंद. एकादशीला बंद असतं, ते मला माहीत नव्हतं, तुम्ही लक्षात ठेवा. आणि ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघाली की काका तिच्याबरोबर पंढरपूरला पायी. आषाढी होऊन परत येईपर्यंत कुलूप. लग्नाचा अल्बम, थिसिस, असलं तारखेचं काम घेऊन जूनमध्ये जाऊ नका. ते नाहीही म्हणत नाहीत आणि वेळेवर देतही नाहीत, ही त्यांची खोड आहे. अर्धा तारा यात गेला.

पैशांचंही एक गूढ होतं. यूपीआयचा कागद भिंतीला चिकटवलेला, तरी संध्याकाळी मी मोबाइल काढला की म्हणायचे, "रोख नाही का?" मला वाटलं, हिशेबात दाखवायचं नसेल. पोस्टातली माणसं संशयी असतात. तिसऱ्या फेरीला मी सातच्या सुमाराला गेले होते. त्यांच्या हाताखाली पंचवटीतून येणारा एक पोरगा आहे, घड्या घालतो, खळ शिजवतो. तो चप्पल घालून दाराशी उभा. काकांनी गल्ला उघडला, त्यात शंभराची एक नोट आणि चिल्लर. दिवसभर सगळ्यांनी स्कॅन करूनच पैसे दिलेले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, उरलेल्यांतले चारशे आत्ता रोख देता का? याचे आजचे द्यायचेत." मी म्हटलं, उद्या दिले तर? "उद्या उद्याचे," म्हणाले. पोरगाही म्हणाला, "काका, चालेल उद्या." काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी पर्समधले चारशे काढले, ते माझ्या हातातून त्यांच्या हातात आणि त्यांच्या हातातून पोराच्या खिशात. रोखीचं गूढ उकललं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, हे वाक्य मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ करून बक्षीस मिळवलंय. कंपासपेटी मिळाली होती.

ते वाक्य बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं. लेवीय म्हणजे आम्ही ख्रिस्ती माणसं वाचताना हळूच पुढे ढकलतो तो भाग: होम, चरबी, कुष्ठरोगाच्या तपासण्या. पण हा अध्याय पप्पांचा लाडका. का, ते मला बांधणी चालू असताना समजलं, कारण आधी त्या पानावर माझीच सेलोटेप होती.

अध्याय सुरू होतो देवाच्या सांगण्यानं: मी पवित्र आहे, तुम्हीही पवित्र व्हा. आता यापुढे काय यावं? उपास, प्रार्थना, निदान पांढरी वस्त्रं तरी. पण पुढच्याच वचनात येतात आई आणि बाप. त्यांचा धाक बाळगा आणि माझे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे दिवस, पाळा, दोन्ही एकाच वाक्यात. मग शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला राहू द्या. मजुरी थकवू नका. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा. तराजू खरा ठेवा. पवित्र होण्याची यादी निम्मी बाजारातली आणि निम्मी घरातली. पप्पांनी तिसऱ्या वचनापाशी पेन्सिलीनं लिहिलंय: "इथे आई आधी!" आणि बाण काढून निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायाचा आकडा. दहा आज्ञांमध्ये बाप आधी येतो, आई नंतर. इथे उलट. एवढी गोष्ट पकडायला माणूस किती वेळा वाचत असेल! उद्गारचिन्ह बघून मला ते दिसले, चष्मा कपाळावर, स्वतःवरच खूश.

चौदाव्या वचनापाशी मात्र थांबावं लागलं. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. तिथे समासात एकच शब्द: "का?" आणि त्याखाली, बऱ्याच नंतरच्या, थरथरत्या अक्षरात: "देवाला ऐकू येतं."

माझ्या आईला नीट ऐकू येत नाही. पप्पा गेल्यानंतर जास्तच झालं, म्हणजे त्यांनी लिहिलं तेव्हा तिच्यासाठी लिहिलं नव्हतं. ती ब्याऐंशीची आहे. एक गोष्ट चार वेळा विचारते. मी उत्तर देते, मोठ्यानं, गोड आवाजात. आणि मग ओट्याकडे वळून, पाठ करून, हळू आवाजात जे काही बोलते ते मी इथे लिहिणार नाही. रोज बोलते. तिला ऐकू जात नाही, म्हणूनच बोलते. बाइंडिंगच्या दुकानाच्या जिन्यात उभी राहून मी ते पान वाचलं. खाली कुणीतरी पितळी घंगाळाला पोचे काढत होतं, ठोक ठोक ठोक, आणि मला वाटलं हे थांबावं जरा.

त्याच पानावर आणखी एक बाण होता, मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाकडे. उघडलं. येशूचा परुश्यांशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांशी, वाद चाललाय. ते लोक आपला पैसा 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेला असं जाहीर करायचे, आणि मग आईबापांना द्यायला त्यांच्याकडे काही उरायचं नाही. देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडायची सोय. तिथे पप्पांनी काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ. लिहायची गरजही नव्हती. गेल्या नाताळाच्या आधी चर्चच्या रंगकामाला मी अकरा हजार रुपये दिले. पाळकसाहेबांनी भक्तीनंतर नावं वाचली, माझं तिसरं होतं. आईच्या उजव्या कानाचं मशीन दिवाळीपासून बंद आहे. नवीन महाग आहे, मार्चनंतर बघू, असं मी तिला म्हटलं होतं. मोठ्यानं, गोड आवाजात. मार्च जाऊन मे आला होता.

चर्चला दिले ते चुकलं असं मी म्हणत नाही. रंग छान लागलाय. पण त्या दिवशी मी काकांना हे सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. काका दोरा मेणावरून ओढत ऐकत होते. मग म्हणाले, "आमचा देव तर अजून विटेवर उभा आहे. पुंडलिक म्हणाला, थांब, आईबापाचे पाय चेपतोय. थांबला." मला वाटलं, आता हे मला दोन शब्द सुनावणार. ते म्हणाले, "पण मी वारीला जातो ना, तेव्हा माझ्या म्हाताऱ्याजवळ बायको असते. तीस वर्षं. पुंडलिक ती आहे. दर्शन मी घेऊन येतो." आणि हसले, अगदी ओशाळवाणं. मग पुढचा फर्मा उचलला.

मला यात एक फरक जाणवला. त्यांच्या गोष्टीत देव बाजूला थांबतो, आमच्या वचनात देव स्वतःचा शब्बाथ आणि आईबाप एकाच ओळीत बसवतो, कुणालाच थांबायला लावत नाही. पप्पा असते तर काकांशी तास दीड तास यावर बोलले असते आणि मध्ये दोन वेळा कागदाची जात विचारली असती.

बायबल मिळालं ते असं: गर्द तपकिरी कापडी पाठ, कोपऱ्यांना रेक्झिन. टेबलावर ठेवून कुठेही उघडा, हात न लावता उघडं राहतं. कडा वेड्यावाकड्या आहेत, शब्द दिल्याप्रमाणे. सेलोटेपच्या जागी फिकट तांबूस सावल्या राहिल्यात. त्या जाणार नाहीत असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. कण्यावर सोनेरी अक्षरांत 'पवित्र शास्त्र', आणि त्यातला शेवटचा 'त्र' किंचित खाली घसरलाय. ते काम त्यांनी स्वतः केलं नाही, बाहेरून करून आणलं, आणि त्यांनाही ते खुपत होतं. शंभर रुपये कमी घेतले. नऊशे ठरले होते, आठशे दिले. अर्धा तारा मी यासाठी कापला असता, पण मग ते पाकीट दिलं त्यांनी.

साधं खाकी पाकीट. बायबलच्या पानांत जे जे सापडलं ते सगळं त्यात, प्रत्येक वस्तू वेगळ्या चिठोऱ्यात गुंडाळलेली आणि चिठोऱ्यावर पानाचा आकडा. झावळ्यांच्या रविवारचा क्रूस, वाळून काडी झालेला: पान ६१२. प्रेसच्या कँटीनचं कूपन: पान ८८. माझ्या शाळेच्या फीची पावती. आईचा एक पासपोर्ट फोटो, केसांत अबोलीचा गजरा. दोन रुपयांची जुनी नोट, कोरी करकरीत, घडी न पडलेली. ती बहुतेक दानपेटीत टाकायची राहिली असणार, किंवा कागद आवडला म्हणून ठेवली असणार, दोन्ही शक्य आहे. "ज्या पानात होतं त्या पानातच ठेवा," काका म्हणाले, "माणूस उगाच ठेवत नाही." पाचपैकी साडेचार. अर्धा त्या फोनसाठी, तो उचलायलाच हवा.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्या. पोथी, हरिपाठ, कुराण, बायबल, जमिनीचे जुने दस्त, शाळेची रजिस्टरं, सगळं घेतात. फोटो अल्बम नको म्हणतात. पुस्तकात आधी चिकटपट्टी लावली असेल तर प्रामाणिकपणे सांगा, ते ओळखतातच. आणि जिना चढवत नसेल तर खालून हाक मारा, पोरगा येऊन पुस्तक घेऊन जातो. पायांचं दुखणं असलेल्यांनी वर जाण्याचा हट्ट करू नये.

आईनं मात्र केला. बायबल आणायला ती माझ्याबरोबर आली होती, नाशिकरोडहून दोन रिक्षा बदलून. भिंत धरत धरत वर चढली. दुकानात एकच स्टूल आहे, ते काकांचं. काकांनी ते पुसलं, तिच्यापुढे ठेवलं आणि आम्ही निघेपर्यंत स्वतः उभे राहिले. आईनं बायबल घेतलं, नाकाशी नेलं, म्हणाली, "पिठाचा वास येतोय." मग काकांना म्हणाली, "यांनी कागदाला नावं ठेवली असती, शिवणीला नाही." काका लाजले. साठीच्या पुढचा माणूस लाजताना बघायला बरं वाटतं.

आठ दिवस वजनाखाली ठेवा, उघडू नका, असं काकांनी बजावलं होतं. आईनं तिसऱ्या दिवशी उघडलं. कानाच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली होती, तोवर सगळं ओरडूनच चाललेलं. मी ऑफिसातून आले तर ती खिडकीशी बसून भिंग घेऊन समास वाचत होती. बोटानं एक जागा दाखवली. "हे काय लिहिलंय यांनी? बारीक आहे फार."

मी वाकून बघितलं. "इथे आई आधी."

"काय?"

"आई आधी!"

"काय म्हणतेस?"

"इथे आई आधी!" एवढ्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत आल्या.

आईनं भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मग चहा टाक की आधी. कधीची वाट बघतेय."